पोचट म्हणून पाखडू नका : हुरड्याच्या दाण्याचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कांदा झाला, ऊस झाला, विजेची बिले झाली. आता थोडा वेळ ज्वारीच्या एका दाण्यावर बोलायचे आहे. विषय शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला वाटेल; पण त्याचा संबंध थेट तुमच्या कणगीशी आणि खिशाशी आहे. म्हणून मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरकावे.

आधी एक हिशेब पाहू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ज्वारीच्या दोन आधारभूत किमती जाहीर केल्या. संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये. फरक पन्नास रुपये, म्हणजे किलोमागे आठ आणे. मालदांडी म्हणजे ३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेले वाण. जिची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते म्हणून घराघरांत मान आहे, ती ज्वारी. तिच्या साऱ्या गुणांची सरकारी दप्तरातली किंमत आठ आणे.

आता दुसरी बाजू पाहा. थंडी पडली की नगर-पुणे रस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागतात. शहरातली माणसे गाड्या भरून येतात, आगटीभोवती बसतात आणि ताटाला पैसे मोजतात. ती दाण्याच्या वजनाचे पैसे देत नाहीत. दाण्याच्या गोडीचे, मऊपणाचे देतात. म्हणजे गुणाला किंमत आहे. ती कोणाला मिळते आणि किती दिवस मिळेल, हा प्रश्न आहे. त्यासाठी आधी हा गुण येतो कोठून, हे समजून घेतले पाहिजे.

दाण्याच्या पोटात काय आहे?

ज्वारी असो, मका असो, भात असो, सुक्या दाण्याचा मोठा भाग स्टार्चचा असतो. ज्वारीत तो साधारण दोन तृतीयांश धरा. स्टार्च म्हणजे साखरेचे कण एकमेकांना जोडून केलेला साठा. पण जोडणी दोन तऱ्हेची असते. एक सरळ, तुरीच्या काडीसारखी. तिला अमायलोज म्हणतात. दुसरी फांद्याफांद्यांची, बाभळीच्या ढाळीसारखी. तिचे नाव अमायलोपेक्टिन. नेहमीच्या ज्वारीत चार भागांत एक भाग सरळ आणि तीन भाग फांद्यांचा, असे ढोबळ प्रमाण असते.

हे प्रमाण डोळ्यांनी पाहता येते. या दोन वाट्या बघा. एकीत मालदांडीच्या पिठाची पातळ पेज आहे, थंड केलेली. दुसरीत आसामच्या बोरा तांदळाच्या पिठाची पेज आहे. हा तांदूळ तिकडे मुद्दाम चिकट म्हणूनच पिकवतात. औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनमध्ये पाणी घातले आहे. त्याचा एकेक थेंब टाकू. मालदांडीची पेज निळीकाळी झाली. बोराची तांबूस तपकिरी राहिली. सरळ साखळी आयोडीनला आपल्या वेटोळ्यात धरते, म्हणून निळा रंग येतो. बोरात सरळ साखळी जवळजवळ नाहीच, म्हणून रंग चढत नाही.

मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको. भाकरीच्या पिठाला आधण घातले तर ते चांगले मळले जाते. गार पाण्यात विरी जाते. शिळी भाकरी कडक होते. एका तांदळाचा भात मोकळा होतो, दुसऱ्याचा गोळा होतो. अकोल्याच्या आदिवासी बायकांना कोणत्या भाताची पेज चांगली आणि कोणत्या भाताचे पोहे, हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. हे बरेचसे या दोन साखळ्यांचे काम. आम्ही कृषी महाविद्यालयात त्याला इंग्रजी नावे शिकलो, इतकाच काय तो फरक.

एक कारागीर कामावर आला नाही

हा साठा रोप आपोआप रचत नाही. त्याच्या पेशीत कारागीर असतात. शास्त्रात त्यांना विकर म्हणतात. एक कारागीर कच्चा माल पुरवतो. एक सरळ साखळी ओढतो. एक फांद्या फोडतो. आणि एक नको त्या जागी फुटलेल्या फांद्या छाटतो. सरपणाची मोळी बांधताना आडव्यातिडव्या ढाळ्या कोयत्याने सवळून घेतो ना आपण? सवळल्या तर मोळी घट्ट बसते. न सवळता बांधली तर निम्मी मोळी हवाच. दाण्यातही तसेच आहे. छाटलेल्या फांद्यांचा साठा घट्ट बसतो आणि दाणा टपोरा भरतो.

प्रत्येक कारागीर कसा घडवायचा, याची लेखी सूचना बियाण्यात असते. तिला जनुक म्हणतात. पिढीमागून पिढी ही सूचना उतरवली जाते. उतरवताना कधीमधी एखादे अक्षर चुकते, एखादे गळते, कधी भलताच तुकडा मध्ये घुसतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. सूचना बिघडली की तो कारागीर निकामी होतो आणि साठ्याचा घाट बदलतो.

सरळ साखळी ओढणारा गेला तर दाणा चिकट होतो. त्याला वॅक्सी म्हणतात. बोरा तांदूळ त्यातला. फांद्या फोडणारा गेला तर सरळ साखळीचे प्रमाण वाढते आणि असे धान्य सावकाश पचते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेने असा गहू तयार केला. गव्हात प्रत्येक सूचनेच्या तीन जोड्या असतात, म्हणून तिन्ही ठिकाणचे बिघाड शोधून एकत्र आणावे लागले. कच्चा माल पुरवणारा अडखळला तर साखर साखरच राहते. बाजारातल्या अतिगोड मक्याचा एक मोठा प्रकार असा आहे. अमेरिकेत १९५३ साली लॉफनन या शास्त्रज्ञाने त्याची गोडी पहिल्यांदा लोकांपुढे मांडली. आणि फांद्या छाटणारा गेला तर जुन्या पद्धतीचा गोड मका मिळतो. छाटणाऱ्या विकराचे जनुक मक्यात १९९५ साली सापडले.

मेंडेलचे वाटाणे शाळेत सगळ्यांनी वाचले आहेत. गोल आणि सुरकुतलेले. त्याचा निबंध छापला गेला १८६६ साली. सुरकुती का पडते, हे उलगडले १९९० साली, इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत. फांद्या फोडणाऱ्या विकराच्या सूचनेत सुमारे आठशे अक्षरांचा परका तुकडा घुसला होता. वाटाणा काही तृणधान्य नव्हे, पण कारण तेच. दाण्यावरची सुरकुती हा आत बदललेल्या स्टार्चचा बाहेरचा शिक्का आहे.

आपला हुरडा

आता आपल्या शिवारात या. गूळभेंडी, कुचकुची, सुरती, वाणी, काळी दगडी ही नावे इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहेत. या सगळ्यांत एकच बिघाड आहे असे कोणी समजू नये. पण हुरड्याच्या ज्या ज्वारीचा दाणा पक्व होऊन वाळला की त्याला खळगा पडतो, ती गोड दाण्याच्या जातीतली समजावी. तिच्या दाण्यात साखर जास्त असते आणि पाण्यात विरघळणारा, मोळीत न बसलेला फांद्यांचा साठाही असतो. म्हणून दाणा चिकातून पुढे गेला की तो गोड आणि लोण्यासारखा लागतो. आणि म्हणूनच वाळल्यावर खपाटीला जातो. घट्ट बसलेला साठाच कमी, तर दाणा फुगून राहील कशाने?

ही ज्वारी कोणत्या प्रयोगशाळेने दिली? कोणत्याच नाही. केव्हातरी कोणा शेतकऱ्याच्या खळ्यावर टपोऱ्या दाण्यांत चार खपाटीचे दाणे निघाले. दुसऱ्याने ते पोचट म्हणून वाऱ्यावर दिले असते. याने, किंवा बहुधा हिने, कोवळेपणी त्याच ताटाचे कणीस भाजून खाल्ले होते. चव लक्षात होती. ते दाणे वेगळे बांधून ठेवले. बिघाड निसर्गाने केला. त्याचे वाण माणसाने केले.

हे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील सिंग आणि ॲक्सटेल यांनी १९७३ साली इथिओपियातल्या दोन खपाटीच्या ज्वाऱ्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात बदल प्रथिनांचा होता, लायसीन हा पोषक घटक जास्त होता. तिथले शेतकरी ही ज्वारी नेहमीच्या ज्वारीत मिसळून पेरत आणि कणसे भाजून खात. तिचे एक स्थानिक नाव आहे, त्याचा अर्थ ‘माझ्या तोंडातले दूध’. समुद्रापलीकडच्या शेतकऱ्यानेही जिभेनेच निवड केली होती.

शास्त्रज्ञांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. कोईमतूरला रंगस्वामी अय्यंगार यांनी ३०च्या दशकात ज्वारीचे एकेक लक्षण पुढच्या पिढीत कसे उतरते, ते तपासून लिहून ठेवले. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी अशी वाणे दिली. एकाच ज्वारीच्या हुरड्याला, लाहीला आणि पापडाला वेगवेगळा दाणा लागतो, हे विद्यापीठाने मान्य केले. बाजार समितीच्या पट्टीवर मात्र अजून सगळी ज्वारी म्हणजे ज्वारीच.

खरा धोका सुपात आहे

आता कामाची गोष्ट. हा गोडीचा गुण मागे राहणारा आहे. टपोरेपणा त्याच्यावर वरचढ ठरतो. दाण्यातला स्टार्चचा भाग आईकडून दोन वाटे आणि बापाकडून एक वाटा घेऊन बनतो. या तिन्ही वाट्यांत बिघडलेली सूचना असेल तरच दाणा गोड होतो. शेजारच्या मालदांडीचा पराग पडला आणि एक वाटा जरी चांगल्या सूचनेचा आला, तरी छाटणारा कारागीर कामाला लागतो. दाणा टपोरा भरतो आणि गोडी जाते. हे पुढच्या वर्षी घडत नाही, त्याच कणसात, त्याच हंगामात घडते.

ज्वारीचे परागीभवन बहुतेक आपल्याच कणसात होते. तरी शंभरात पाच ते पंधरा दाणे परक्या परागाचे असू शकतात. मक्यात तर पराग वाऱ्यावरच चालतो. तिथे गोड मक्याशेजारी जनावरांचा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला, तर कणसात पिठूळ दाणे आलेच म्हणून समजा.

आणि नेमकी इथे आपली चांगली सवय आपल्याला मारते. बियाणे कसे धरावे? टपोरे, भरदार दाणे ठेवावेत, खपाटीचे पाखडून टाकावेत. आपल्याला हेच शिकवले आणि इतर सगळ्या ज्वाऱ्यांना ते बरोबर आहे. पण खळग्याच्या हुरड्याला ही रीत लावली, तर आपण गोड दाणे कोंबड्यांना टाकतो आणि परक्या परागाचे दाणे बियाण्याला ठेवतो. चार-पाच वर्षे असे केले की माणसे म्हणतात, जमिनीचा कस गेला, पूर्वीची गोडी राहिली नाही. जमिनीचा काही दोष नाही. वाण सुपातून निघून गेले.

म्हणून हुरड्याचे बियाणे धरणाऱ्यांनी एवढे करावे.

एक. बियाण्याचा तुकडा वेगळा ठेवा. दुसऱ्या ज्वारीपासून निदान दोनशे मीटर अंतर हवे. तेवढे रान नसेल तर पेरणी पुढेमागे करून दोन्ही पिके एकाच वेळी फुलोऱ्यात येणार नाहीत असे पाहा.

दोन. तेही जमत नसेल तर वीस-पंचवीस चांगली कणसे फुलोऱ्याआधी खाकी कागदी पिशवीने झाका. ज्वारी आपल्याच परागावर दाणे भरते. फुलोरा संपला की पिशवी काढून पाखरांपासून राखण करा.

तीन. बियाण्याची कणसे पूर्ण पिकू द्या आणि एकेक वेगळे झोडा. ज्या कणसात सगळे दाणे खळग्याचे, ते बियाण्याचे. ज्यात तीन भाग टपोरे आणि एक भाग खळग्याचे, ते भेसळीचे. मागच्या वर्षी पराग मिसळल्याची ती खूण आहे. आणि सगळ्या खळग्याच्या दाण्यांत चार-दोनच टपोरे दिसले, तर तो यंदाचा पराग. ते दाणे वेचून काढा.

चार. पाण्याच्या ताणाने वा रोगाने खपाटीला गेलेला दाणा आणि जातीचा खळगा यांत फरक करा. ताणाचा दाणा कुठे बारीक, कुठे भरलेला, वेडावाकडा असतो. जातीचा खळगा पोसलेल्या कणसातही दाण्यादाण्याला सारखा असतो.

पाच. अशा बियाण्यात साठा कमी, म्हणून उगवणीचा जोरही कमी. चांगली ओल पाहून, फार खोल न घालता पेरा आणि बियाणे थोडे जास्त धरा.

ज्यांचे वाण बिघडले आहे त्यांनीही निराश होऊ नये. मागे राहणारा गुण नाहीसा होत नाही, लपून बसतो. भेसळीच्या राशीतून जातीच्या खळग्याचे दाणे वेचा, वेगळे पेरा, पिशव्या घाला. या गुणापुरते ते बियाणे शुद्धच असते. दोन-तीन हंगामांत वाण परत हाताशी येईल.

पैसे कोणी मिळवले?

काही जण म्हणतील, चार कणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना मक्याची एक गोष्ट सांगतो. १९०८ साली शांघायहून फार्नहॅम नावाच्या एका मिशनऱ्याने चिनी शेतकऱ्यांच्या मक्याचे थोडे दाणे अमेरिकेला पाठवले. पुढच्या वर्षी कॉलिन्स या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन छापले. दाणा मेणासारखा दिसतो म्हणून नाव पडले वॅक्सी. कित्येक वर्षे तो मका प्रयोगशाळेतला नमुना म्हणून राहिला. १९४२ साली जपानने जावा बेट घेतले आणि अमेरिकेला येणारा टॅपिओकाचा स्टार्च बंद झाला. कागदाला, कापडाला, डिंकाला, खाद्यपदार्थांना तसाच स्टार्च हवा होता. तेव्हा या चिनी मक्याची आठवण झाली. पुढे त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. ज्या शेतकऱ्यांनी तो चिकट मका जपला होता, त्यांना या व्यापारात जागा नव्हती.

आता तर बिघाड नशिबाने सापडायची वाट पाहावी लागत नाही. जनुकाची सूचना ठरवून बदलता येते. अमेरिकेत मक्याचे वॅक्सी जनुक असे बंद करून झाले आहे. आपल्या सरकारनेही मार्च २०२२ मध्ये, परके जनुक नसलेल्या अशा पिकांना जीएमच्या काही नियमांतून वगळले. मे २०२५ मध्ये दोन जनुक-संपादित भातवाणांची घोषणा झाली. नव्या तंत्राला आमची आडकाठी नाही. शेतकऱ्याला ते वापरायची मोकळीक हवी. पण जो गुण आपल्या पूर्वजांनी फुकट जपला, तोच उद्या पिशवीत भरून दरवर्षी विकत घ्यायची पाळी आली, तर ते आपल्याच गाफीलपणाचे फळ असेल.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येत नाही, एवढीच अट. शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाची नोंदणीही या कायद्याखाली होते. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कोणत्याही पदवीशिवाय त्यांनी जे केले, ते आम्हा पदवीवाल्यांनी डोळे उघडून पाहावे असे आहे.

तर या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पारनेर, पाथर्डी, शेवगाव या ज्वारीच्या तालुक्यांत अजून कोणाकडे जुना हुरडा आहे, त्याची गाववार यादी करायची. नाव, दाण्याचा रंग, वाळल्यावर खळगा पडतो की नाही, आणि बियाणे कोण धरते, एवढे लिहा. बियाणे बहुधा घरातली बाईच धरते. तिचे नाव लिहायला विसरू नका. दुसरी, या वाणांची नोंदणी गावाच्या नावाने व्हावी, यासाठी जिल्हा शाखेने कागदपत्रे तयार करावीत आणि विद्यापीठाच्या ज्वारी संशोधकांची मदत मागावी. तिसरी, हुरडा, लाही, पापड आणि भाकरी यांसाठीच्या ज्वारीचे भाव वेगळे बोलले जावेत, ही मागणी बाजार समित्यांपुढे मांडायची. आठ आण्यांच्या फरकाने आता भागणार नाही.

हे काम मोर्चासारखे गाजणार नाही. पण येत्या रब्बीत बियाणे निवडायला बसाल तेव्हा सूप जरा सावकाश हलवा. खालच्या दाण्याला बोट लावून पाहा. खळगा सगळ्यांना सारखा असेल, तर तो दाणा उचलून वेगळ्या गाडग्यात ठेवा आणि गाडग्यावर वाणाचे नाव लिहा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने असे एक गाडगे आणावे. उरलेली चर्चा ते दाणे समोर ठेवून करू.